जार न बसणारी गाडी

आमच्या शहरात पुरुषाला पगार विचारलेला चालत नाही, गाडीचं ॲव्हरेज विचारलेलं चालतं. लिटरला किती जाते, एवढंच विचारायचं. समोरचा खऱ्यात दहा मिळवून सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात पंधरा वजा करतो आणि दोघंही समाधानानं आपापल्या वाटेला लागतात. माझे यजमान या बाबतीत फार प्रामाणिक आहेत, ते पाचच मिळवतात. औषधं विकायला रोज सकाळी सहाला मोटारसायकलवरून जालन्याकडं नाहीतर बीडकडं निघणाऱ्या माणसाला तेवढी सूट द्यायला माझी हरकत नाही.

त्यामुळं मला नोकरीसाठी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा घरात ॲव्हरेजवरून महाभारत होणार अशी माझी खात्री होती. ते झालं नाही. ॲव्हरेज कुणी विचारलंच नाही, कारण ती दुष्काळाची वर्षं होती. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं, नळाच्या सवयी मात्र याच होत्या. आम्ही पुंडलिकनगरात राहायचो. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही आलो-आलो म्हणून चहा न घेता जाणाऱ्या पाहुण्यासारखा. तिकडं बायपासपलीकडं शहर वाढत होतं. कालपर्यंत जिथं तूर उभी होती तिथं इमारतींचे फलक उभे राहिले होते, आणि प्रत्येक फलकावर निळा रंग ओतून पोहण्याचा तलाव काढलेला होता. त्या दोन वर्षांत एका जागी एवढं पाणी आम्ही फक्त त्या फलकांवर पाहिलं.

माझी नोकरी वाळूजला, औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. काम पाण्याची शुद्धता तपासण्याचं. तिथं पाणी तीनदा गाळून, उकळून, आणखी काय काय करून इतकं स्वच्छ करत की त्यात पाणीपणाही उरत नसे. मग मी ते तपासून सही करायची. घरी आल्यावर पिंपाच्या तळाशी उरलेलं गढूळ पाणी तुरटी फिरवून प्यायचं, त्यावर कुणाची सही लागत नव्हती.

सहा महिने प्रशिक्षण, मग कायम. साडेआठला यंत्रावर अंगठा लागला पाहिजे. उशीर फार झाले तर कायम होणं विसरायचं. पुंडलिकनगर ते वाळूज म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. कंपनीची बस होती, पण ती फक्त कायम झालेल्यांना. म्हणजे वेळेवर पोचण्यासाठी कायम होणं आवश्यक आणि कायम होण्यासाठी वेळेवर पोचणं. ज्या कुणी हा नियम केला, त्याला मी मनोमन नमस्कार केला आणि घरी सांगितलं, मला गाडी पाहिजे.

घरी निर्णय घेणारे म्हणजे माझे सासरे, अण्णा. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून आख्खी नोकरी झालेली. धरणाची पातळी आणि कालव्याची आवर्तनं, म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं त्याच्या पाळ्या, हे सगळं तीस-पस्तीस वर्षं त्यांच्या टेबलावरून गेलं. निवृत्त झाल्यावरही पेपरमध्ये पहिल्यांदा पैठणच्या धरणाचा आकडाच पाहत आणि गल्लीला ऐकू जाईल असा वाचत. आकडा उतरत चालला तसा त्यांचा आवाजही उतरत गेला.

"गाडी कशी पाहिजे, तर उपयोगाची पाहिजे," अण्णा म्हणाले.

शेजारच्या काकांनी मान डोलावली. हे काका पैठण रोडकडचे, शेतीवाले. जमिनीचे प्लॉट पडले तसे शहरात आले, आणि गल्लीतल्या कुठल्याही खरेदीत विचारल्याशिवाय हजर असत. "सूनबाईला लई मोठी गाडी नगं," ते म्हणाले. "पुढं पाय ठेवायला सपाट जागा पाहिजे बगा. तिथं दोन जार उभे ऱ्हातेत. मागं शिटावर एक बांदला की तीन झाले."

जार म्हणजे प्यायच्या पाण्याचा वीस लिटरचा तो निळा डबा. त्या दिवसांत माणसांची ओळख जारांवर होती. कुणाकडं चार, कुणाकडं सहा, आणि दहा जारवाल्याच्या घरी मुलगी द्यायला कुणी मागंपुढं पाहिलं नसतं.

रविवारी आम्ही गाडी बघायला निघालो. अण्णांनी सोबत एक रिकामा जार घेतला. मला वाटलं, येताना भरून आणायचा असेल. पण दुकानात शिरल्याबरोबर त्यांनी तो एका स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर उभा केला, दोन पावलं मागं सरून डोळे बारीक केले, मग हँडल डावीकडं वळवलं, उजवीकडं वळवलं. हँडल जाराला घासलं. अण्णांनी मान हलवली आणि आम्ही पुढच्या स्कूटरकडं गेलो. विक्रेत्याला यात काही विशेष वाटलं नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही उगाच आणला. आमच्याकडं भरलेला आहे ट्रायलला." आणि खरोखरच कोपऱ्यातून त्यानं भरलेला जार आणून दिला.

पाच गाड्या झाल्या. प्रत्येकीवर जार बसवून पाहिला. एक गाडी तर अण्णांनी जारासकट रस्त्यावर फेरी मारून आणली. मला कुणी बसवून पाहिलं नाही. शेवटी मीच विचारलं, "माझे पाय टेकतात का, ते बघू का जरा?" तर यजमान म्हणाले, "टेकतील की. तुझे पाय टेकले नाहीत असं कधी झालंय?" हा विनोद होता असं त्यांनी नंतर सांगितलं.

जिच्यावर दोन जार डुलत नव्हते ती स्कूटर घेतली. कागद माझ्या नावावर झाले, कारण नोकरी माझी होती. पूजेचा नारळ सासूबाईंनी वाटीवर फोडला, पाणी रस्त्यावर जायला नको म्हणून.

पहिले पंधरा दिवस मी राजाच्या थाटात गेले. क्रांती चौक, छावणी, नगर नाका, आणि सव्वाआठला गेटवर. मग एका सकाळी निघताना किल्ली खिळ्यावर नव्हती. अण्णा पाण्याला गेले होते. चौकापलीकडं शुद्ध पाण्याचं एक केंद्र होतं, ते सातला उघडायचं आणि बोअर दमला की नऊच्या आत बंद व्हायचं. "पाच मिनिटांत येतेत," सासूबाई म्हणाल्या. ते पंचवीस मिनिटांत आले. मी दोन जार उतरवून घेतले, ओल्या पायठेवणीवर पाय ठेवला आणि सुटले. अंगठा लागला आठ चाळीसला.

त्यानंतर पाण्याला जाणं रोजचंच झालं. आधी आपले तीन जार. मग काका म्हणाले, "अण्णा, जाताच हाय तर आमचाबी एक घ्या की." मग समोरच्या घरातली म्हातारी. मग तिच्या भाडेकरूंचा. नकार द्यायचा कसा? पाण्याला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडं पाप्यात मोडतो. अण्णा दोन-दोन खेपा करू लागले. पाटबंधाऱ्यात एवढी वर्षं काढून त्यांनी स्वतःच्या हातानं कुणाच्या दारात घागरभर पाणी पोचवलं नव्हतं, आता आख्खी गल्ली त्यांची वाट बघत होती. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी मात्र रोज साडेसातला पर्स खांद्याला लावून फाटकात उभी. लग्नाला निघाले तर बारशाला पोचावं, अशी माझी गत.

बोलणार काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गाडी माझी म्हणून हिसकावून घेतली तर घरात प्यायला पाणी नाही. आणि तहानेशी वाद घालता येत नाही. मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "थोडं ॲडजस्ट कर. पाऊस पडला की सुटेल." पाऊस कुणाच्या बापाचा नोकर होता?

मला राग यायचा, आणि रागाची लाजही वाटायची. घामेजलेला साठी उलटलेला माणूस दोन्ही हातांनी जार उतरवतोय आणि मी घड्याळ बघतेय. त्यापेक्षा त्यांनी खेकसावं, असं वाटायचं. खेकसले असते तर मलाही ओरडता आलं असतं.

पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला हजेरी बघणाऱ्या साहेबांनी बोलावलं. शांत माणूस. टेबलावर पाण्याचा भरलेला काचेचा जग. म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाण्याच्या विभागात, आणि उशिराचं कारण म्हणून दर वेळी पाणीच लिहिता?" मी म्हटलं, "खरं तेच आहे, सर." त्यांनी कागद पुढं केला. आणखी एकदा उशीर झाला तर प्रशिक्षण तिथंच संपणार होतं. मी सही केली. टेबलावरच्या जगमधलं पाणी मागावंसं वाटलं होतं, पण मागितलं नाही.

त्याच आठवड्यात यजमान तापानं घरी होते. त्यांची मोटारसायकल दारात उभी. सकाळी मी फाटकात माझ्या गाडीची वाट बघत होते, आणि बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. समोर दुसरी गाडी रिकामी उभी असताना अण्णा पाण्याला माझीच घेऊन गेले होते. त्यांनी त्या मोटारसायकलकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. काकांनी नाही, म्हातारीनं नाही. त्या गाडीच्या उभ्या जन्मात तिला कुणी एक जार आणायला सांगितला नव्हता. ती पुरुषाची होती म्हणून, हे होतंच. पण त्याहून सोपं कारण असं की तिच्यावर जार बसत नव्हता. मधे पेट्रोलची टाकी आणि मागं उतरती सीट, म्हणजे कामाला नालायक. म्हणून तर ती रोज सहाला बिनबोभाट कामाला जात होती.

त्या दिवशी मी तीच गाडी काढली. माहेरी गंगापूरला भावाच्या मोटारसायकलवर गिअर शिकले होते, पाय विसरले नव्हते. यजमान तापातून उठून बसेपर्यंत मी छावणीच्या पुढं होते.

पुढच्या रविवारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आई, मी स्कूटर देऊन दुसरी गाडी आणायलेय. अण्णांना विचारू का?"

त्यांनी मान वर केली नाही. "विचारलंस तर जार मधी येईल," त्या म्हणाल्या. "जा तू."

शहागंजात एका बोळात जुन्या गाड्या विकणारे एक चाचा होते. त्यांनी माझी स्कूटर बघितली, खूश झाले. त्या दिवसांत जार बसणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक शोधावं लागत नव्हतं. मग मला स्कूटरीच दाखवत सुटले. मी कोपऱ्यातल्या एका काळ्या मोटारसायकलवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा पडला. चांगला माणूस, फसवायची इच्छा नव्हती.

"बाजी, वो नक्को. उसपे कुछ नई रख सकते," ते बहिणीला समजवावं तसं म्हणाले. "पानी का डब्बा नई, सिलिंडर नई. थैली अटकाने को हुक तक नई उसको."

"हुकही नाही?"

"कुछ बी नई. इंजन अच्छा है, मगर घर के काम की नई वो."

"चाचा," मी म्हटलं, "मेरे को वहीच गाडी होना."

ॲव्हरेज त्यांनी आपणहून सांगितलं. मी मनातल्या मनात पंधरा वजा केले.

गाडी दारात लावली तेव्हा अण्णा ओट्यावर होते. ते उठले, आत गेले, आणि अपेक्षेप्रमाणं रिकामा जार घेऊन आले. टाकीवर ठेवला, घसरला. सीटवर ठेवला, घसरला. खाली वाकून इंजिनापाशी बघितलं. मग जार कडेवर घेऊन तसेच उभे राहिले. मी भांडायची तयारी करून आले होते, वाक्यं पाठ होती. पण अण्णांनी फक्त "स्कूटर?" एवढं विचारलं. मी सांगितलं. ते आत गेले.

काका मात्र बोलले. "सूनबाईनं गड्याची गाडी आणली व्हय? आता पान्याचं कसं?"

दुसऱ्या दिवसापासून अण्णा जुन्या सायकलच्या कॅरिअरवर एकेक जार बांधून पायी ढकलत आणू लागले. आपला एकच, शेजारचे बंद. मी रोज साडेसातला किल्ली फिरवायची आणि ते चौकात रांगेत दिसायचे. मी वेळेवर पोचत होते, आणि मला अगदी हलकट वाटत होतं. दोन्ही खरं आहे. सिग्नलला लोक माझ्या मागं कुणी पुरुष बसलाय का बघायचे, त्याचं काही वाटत नसे. चौकातली ती सायकल मात्र वाळूजपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून हलत नसे.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी घरी आले तर अण्णा ओट्यावर एक लोखंडी सांगाडा घेऊन बसलेले. दूधवाल्यांच्या गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवायला असतो तसला, वेल्डिंगवाल्याकडून करवून आणलेला. माझं डोकंच फिरलं. पर्स ओट्यावर आपटून मी म्हटलं, "अण्णा, हिच्यावरही? माझी नोकरी जाईल हो. खरंच जाईल. मला त्यांनी लिहून दिलंय."

तो कागद अण्णांना माहीत नव्हता. मी कुणाला दाखवलाच नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"मग आधी सांगायचं नाय व्हय," ते म्हणाले. मग सांगाडा गाडीवर चढवला आणि मला मागची एक खीळ दाखवली. "ही ओढली की निघतो. बघ. देवळाईकडं एक जण रात्री आठपर्यंत पाणी देतो, मी जाऊन आलो सायकलवर. तू सातला येतीस. सात ते आठ गाडी मी नेतो. सकाळचं आवर्तन तुझं, संध्याकाळचं पाण्याचं. सकाळी हा गाडीवर दिसणार नाय."

संध्याकाळीही पाणी मिळतं, हे आमच्या घरात इतके महिने कुणाला सुचलं नव्हतं. सुचायचं कारण नव्हतं, सकाळी माझी गाडी होती ना.

अण्णा शब्दाला जागले. रोज सकाळी मी चहा घ्यायच्या आधी सांगाडा काढून भिंतीला टेकवलेला असायचा. कालव्याचं वेळापत्रक असं पाळलं गेलं असतं तर मराठवाड्यात ऊस सोडून सगळंच पिकलं असतं.

सहावा महिना संपायच्या आदल्या दिवशी सकाळी सव्वासातला गल्लीत टँकर शिरला. त्याचा वार आदल्या आठवड्यात चुकलेला, सगळ्यांची पिंपं कोरडी. बघता बघता ड्रमला ड्रम लागले, काकांच्या दारापासून थेट शेवटच्या घरापर्यंत. आमच्या फाटकासमोर आमचेच दोन. मी गाडी घेऊन आत अडकले. एवढ्या रांगेत जायला फट नाही, आणि टँकरच्या रांगेचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. हलला तो ड्रम शेवटी.

मी घड्याळ बघितलं. काही बोलले नाही, देवाशपथ. काय तोंडानं बोलणार? घरात पिंपाचा तळ दिसत होता.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग ड्रमांकडं. मग दोन्ही ड्रम एकेक करून ओढून त्यांनी फाटकाच्या आत घेतले.

काका ओरडले, "अण्णा, नंबर जाईल की तुमचा."

"जाऊ द्या," अण्णा म्हणाले. फाटक पूर्ण उघडून धरलं आणि मला म्हणाले, "निघ."

मी निघाले. आरशात ते दिसत होते, रिकाम्या ड्रमाला धरून उभे. नगर नाक्यापर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता, आणि त्याला ऊन कारण नव्हतं.

संध्याकाळी आले तेव्हा ड्रम आतच होते, कोरडे. टँकर आमच्या नंबराआधी संपला होता. अण्णांनी विचारलं, "किती वाजता लागला अंगठा?"

"आठ सव्वीस."

"चार मिनिटं शिल्लक," ते म्हणाले. धरणाचा आकडा वाचायचे त्याच आवाजात, पण जुन्या, भरल्या वर्षांतल्या.

दुसऱ्या दिवशी मी कायम झाल्याचं पत्र आणलं. सोबत कंपनीच्या बसचा पासही मिळाला, तो अजून कुठल्यातरी डब्यात पडून आहे. यजमानांनी पेढे आणले. रात्रीचं पाणी यायचं होतं, अण्णा अजून देवळाईला निघायचे होते, आणि सकाळी घरात कुणाचीच अंघोळ झाली नव्हती. आम्ही चौघांनी ओट्यावर बसून पेढे खाल्ले. हात धुवायला कुणी उठलं नाही.